भिंतीवरची ती बाई

मागच्या वेळी आपण बँकेच्या हप्त्यांबद्दल बोललो होतो. आजचा विषय वेगळा आहे. सासरे, दीर शेजारी बसले असतील तर आवाज थोडा कमी करा, माझी हरकत नाही. बंद मात्र करू नका. आज मला एड्सच्या पोस्टरांबद्दल बोलायचं आहे. ती कुठून आली, त्यांत काय काढलेलं असायचं आणि ती बघून आपण काय शिकलो, याबद्दल.

मी पाचवीत होते तेव्हाची गोष्ट. आजीचं औषध आणायला मी आरोग्य केंद्रात जायची. केसपेपरच्या खिडकीशेजारी एक पोस्टर होतं. काळा रंग, मधोमध कवटी, आणि कवटीच्या आडून डोकावणारी एक बाई. केस मोकळे, ओठ लाल, पदर ढळलेला. वर मोठ्या अक्षरांत एड्स आणि मृत्यू हे दोन शब्द होते. खाली बारीक अक्षरांत पुष्कळ काही लिहिलं होतं, ते वाचायला कुणी थांबत नसे. रांगेतल्या बाया तिकडे पाठ करून उभ्या राहायच्या.

त्याच साली आमच्या आळीतल्या एका काकीचा नवरा वारला. आमच्याकडची माणसं गलाईच्या धंद्याला, ट्रकवर, ऊसतोडीला लांबलांब जातात, हे तुम्हाला सांगायला नको. काका वर्षातून दोनदा घरी यायचे. शेवटी आले ते वाळून आले, आणि आषाढात गेले. मग काकीचं रक्त तपासलं आणि गावात कुजबूज सुरू झाली. काकीनं माहेर आणि तालुक्याचा बाजार सोडून तिसरं गाव पाहिलेलं नव्हतं. तरी बोट तिच्याकडेच. तिच्यामुळेच लेक गेला, असं सासूनं चारचौघांत म्हटलं. मला घरून ताकीद होती, तिच्या हातचं पाणी प्यायचं नाही. एकदा तिनं मला ओंजळभर भाजक्या शेंगा दिल्या. मी त्या उकिरड्यावर टाकल्या. मागे वळले तर ती दारात उभी होती.

मला तेव्हा काय वाटत होतं ते सांगते. पोस्टरवरची बाई आणि काकी एकच, असं वाटत होतं. नऊवारीतली, कपाळ मोकळं झालेली काकी कुठल्याच बाजूनं तिच्यासारखी दिसत नव्हती. पण कवटीशेजारी बाई काढलेली मी पाहिली होती, आणि गावात ज्या बाईचं नाव निघत होतं ती ही होती.

पुढे बी.ए.ला इतिहास घेतला. गटाचं काम सुरू झाल्यावर आरोग्याच्या प्रशिक्षणाला बसले. तेव्हा डोक्यात आलं की ही भिंतीवरची बाई आली कुठून ते शोधावं. शोधलं तर ती एड्सपेक्षा खूप जुनी निघाली.

इंग्रजांच्या काळात गोऱ्या सैनिकांना गुप्तरोग फार व्हायचे. सरकारला सैन्य धडधाकट हवं होतं. म्हणून १८६८ साली संसर्गजन्य रोगांचा कायदा आला. त्यात धंदा करणाऱ्या बायांची नावं नोंदवायची, त्यांची सक्तीनं तपासणी करायची आणि रोग आढळला तर बरं होईपर्यंत खास दवाखान्यात डांबायचं. त्याला लॉक हॉस्पिटल म्हणत. कुलपाचा दवाखाना म्हणा ना. आणि सैनिक? त्यांची नावनोंदणी नाही, त्यांना कुलूप नाही. रोग दोघांमध्ये फिरायचा, कायदा मात्र एकीलाच धरायचा. त्यावर इंग्लंडातल्या बायकांनीही मोठा आवाज उठवला आणि १८८८ मध्ये इथला कायदा मागे घेतला गेला. कायदा गेला, डोक्यातली समजूत तेवढी राहिली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्या सैनिकांसाठी पोस्टरं छापली. त्यातल्या एकावर शेजारच्या घरातली वाटावी अशी साधी, हसरी मुलगी आहे, आणि इशारा असा की ही दिसायला स्वच्छ असेल, पण फसू नकोस. म्हणजे नटलेली बाई तर संशयित होतीच, आता साधीही संशयित झाली. ही पोस्टरं सैनिकासाठी काढलेली, त्यामुळे बघणारा पुरुष आणि चित्रातला धोका म्हणजे बाई. पोस्टर काढणाऱ्यानं एकदा ठरवलं की आपण पुरुषाशी बोलतोय, की बाईला उभं राहायला एवढीच जागा उरते.

आपल्या महाराष्ट्रात याच काळाच्या आगेमागे एक माणूस वेगळं बोलत होता. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ नावाचं मासिक चालवत आणि त्यात गुप्तरोगांपासून ते बाईच्या इच्छेपर्यंत सगळं उघड मराठीत लिहीत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. बाबासाहेबांनी असा खटलाही लढवला, हे मला बी.ए.ची तीन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं! मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे कर्वे जाईपर्यंत चाललं. पण ते वाचणारे मूठभर. खेड्यातल्या भिंतीवर ते आलं नाही.

भिंतीवर आला तो लाल त्रिकोण. आपल्या आया-सासवांना हा चांगला आठवतो. साठच्या दशकाच्या शेवटी सरकारनं कुटुंब नियोजनाची ही खूण देशभर रंगवली. खाली टोक असलेला लाल त्रिकोण आणि चार हसरे चेहरे, आई, बाप, एक मुलगा, एक मुलगी. चित्र इतकं साधं की निरक्षर माणसालाही कळावं. १९६८ मध्ये सरकारनं ‘निरोध’ बाजारात आणला. तीन नग पंधरा पैशांना. आणि तो गावोगाव पोचवला कुणी, तर चहा, साबण, बॅटरी विकणाऱ्या कंपन्यांनी. त्यांच्या गाड्या खेड्यातल्या दुकानापर्यंत जातच होत्या.

इथे जरा थांबते, कारण मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या वेळी निरोध हा सुखी घराच्या चित्रातला होता. नवराबायकोचा होता. पाळणा लांबवायचा म्हणून होता. तो वापरणारा माणूस जबाबदार, शहाणा. वीस वर्षांनी एड्स आला आणि तीच वस्तू कवटीच्या चित्राखाली जाऊन बसली. आता ती बाहेरच्या बाईकडे जाणाऱ्याची झाली. सुखी घराच्या भिंतीवरून ती उतरली ती उतरलीच. घरातल्या बाईनं नवऱ्याला वापरा म्हणावं, तर तो विचारणार, माझ्यावर संशय घेतेस का? नाहीतर, तूच काही करून बसलीस का? आपल्या गटातल्या किती जणींनी हे ऐकलंय ते मला माहीत आहे. नुसतं शिक्षण नाही म्हणून हे होत नाही. एका वस्तूचं चित्र बदललं, त्याची किंमत बायका मोजतायत.

आता १९८६ सालाकडे येते. अमेरिकेत हा आजार १९८१ मध्ये ध्यानात आला होता. आपल्याकडे बहुतेकांचं म्हणणं, हे परदेशी लोकांचं, आपल्यात असलं नसतं. चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सॉलोमन नावाच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला, निर्मलाला, हा विषय संशोधनाला दिला. निर्मलानं धंदा करणाऱ्या आणि पोलिसांनी धरून सुधारगृहात ठेवलेल्या बायांचं रक्त गोळा केलं. तपासणीची सोय मद्रासला नव्हती, म्हणून नमुने बर्फाच्या डब्यातून रात्रीच्या गाडीनं वेल्लोरला नेले. त्यातल्या सहा नमुन्यांत विषाणू सापडला. दोन बायांनी धाडसानं केलेलं हे काम. त्यामुळे देशाला वेळेत जाग आली, याबद्दल दोघींचे उपकार आहेत.

पण बघा, शोध पहिल्यांदा घेतला गेला तो कुणात? सुधारगृहात बंद असलेल्या बायांमध्ये. त्या हाताशी होत्या म्हणून. त्यांच्याकडे आलेल्या गिऱ्हाइकांचं रक्त कुणी घेतलं नाही, ते आपापल्या घरी गेले होते. बातमी छापून आली ती अशीच की वेश्यांमध्ये एड्स सापडला. मग पोस्टर काढणाऱ्यानं कवटीशेजारी कुणाला बसवावं, हे आधीच ठरून गेलं.

भीती दाखवायची ही रीत आपल्याकडचीच नव्हती. इंग्लंडच्या सरकारनं १९८७ मध्ये घरोघर पत्रक टाकलं आणि टीव्हीवर काळ्या दगडाची कबर दाखवली. ऑस्ट्रेलियात त्याच साली जाहिरातीत यमासारखा सांगाडा होता, आणि तो चेंडू टाकून बायामुलांना खेळण्यातल्या सोंगट्यांसारखं लोळवत होता. त्या वेळी औषध नव्हतं. लोकांनी घाबरावं, एवढंच हातात आहे असं त्यांना वाटलं असेल. मी त्यांना सगळा दोष देत नाही. पण घाबरलेला माणूस काय करतो? तो स्वतःची तपासणी करायला जात नाही. तो दुसऱ्याला घराबाहेर काढतो.

१९९२ मध्ये दिल्लीला राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, सुरू झाली. पुढे राज्याची वेगळी संस्था झाली आणि मग पोस्टरांचा पूर आला. बसस्थानक, ढाबे, सुलभ शौचालयं, एसटीच्या पाठी. दूरदर्शनवर शबाना आझमी येऊन सांगायच्या की शिवल्यानं हा आजार होत नाही. ती जाहिरात मला आठवते. काकीच्या शेंगा टाकल्या त्याच्या नंतर पाहिली की आधी, ते आता सांगता येत नाही. आधी पाहिली असेल तर माझाच दोष जास्त.

त्या पोस्टरांवरची भाषा कशी होती? असुरक्षित लैंगिक संबंध. बहुविध जोडीदार. एकनिष्ठ राहा. हे शब्द कुणाच्या घरात बोलतात? आमच्या एका गटात मी जुनं पत्रक वाचून दाखवलं तर एका आजीनं विचारलं, “लैंगिक म्हंजी काय गं, लंगडं व्हतंय का मानूस?” सगळ्या हसल्या. हसू ओसरल्यावर लक्षात आलं की हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना तरी तो शब्द नीट सांगता आला नसता. मलाही प्रशिक्षणाआधी आला नसता.

शब्दांपेक्षा मोठी गोची होती ती ‘एकनिष्ठ राहा’ या सांगण्यात. पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या बायांची पाहणी झाली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. करोनाच्या वेळी टीव्हीवर रोज दिसायचे, तेच गंगाखेडकर. त्या पाहणीत धंदा न करणाऱ्या, घरातल्या बायांमध्येही दर शंभरात तेरा-चौदा जणींना एचआयव्हीची लागण होती. त्यातल्या बहुतेकींचा नवऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाशी संबंधच आलेला नव्हता. त्या एकनिष्ठच होत्या. पोस्टरनं सांगितलेलं सगळं त्यांनी पाळलं होतं आणि तरी त्या दवाखान्याच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांच्यासाठी भिंतीवर एक ओळही नव्हती.

आणि ज्यांना चित्रात बदनाम केलं त्या काय करत होत्या, हेही ऐका. आपल्या सांगलीला १९९२ पासून ‘संग्राम’ ही संस्था धंदा करणाऱ्या बायांबरोबर काम करू लागली. सुरुवात निरोध वाटण्यापासून झाली. हळूहळू त्या बायाच पुढे आल्या, वस्तीत घरोघर जाऊन एकमेकींना समजावू लागल्या, गिऱ्हाइकानं नाही म्हटलं तर सगळ्या मिळून नाही म्हणू लागल्या. १९९६ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना केली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. कलकत्त्याला सोनागाछीतही त्याच सुमारास असंच घडत होतं. एकटी बाई अडली तर गिऱ्हाईक पुढच्या दारी जातं, सगळी आळी अडली तर त्याला ऐकावं लागतं. बचत गटवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. दारूबंदीला आपण तेच केलं. मला तर प्रामाणिकपणे वाटतं की निरोध वापरायला लावायच्या बाबतीत त्या आपल्यापेक्षा दहा पावलं पुढे होत्या. आपल्याला घरात जे तोंडातून काढता येत नाही, ते त्यांनी दारात ठणकावून सांगितलं.

२००२ च्या शेवटी मुंबईत एक गंमत झाली. रस्त्यारस्त्यांवर फलक लागले, त्यांवर एकच प्रश्न, हिंदीत: बलबीर पाशा को एड्स होगा क्या? कोण हा बलबीर पाशा, कुणाला ठाऊक नाही. लोकल गाडीत, पानाच्या टपरीवर, सगळीकडे तीच चर्चा. मग हळूहळू नवे फलक आले. बलबीर एरवी काळजी घेतो, पण दारू प्यायला की विसरतो. बलबीर एकाच बाईकडे जातो, मंजुळाकडे, म्हणून त्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत. पीएसआय नावाच्या संस्थेनं ही मोहीम काढली होती. लोक हेल्पलाइनला फोन करून विचारू लागले, म्हणजे स्वतःच्या मनातली शंका बलबीरच्या नावावर विचारू लागले.

मला या मोहिमेतली एक गोष्ट फार आवडते. पहिल्यांदा फलकाच्या मधोमध पुरुष आला. त्याचं वागणं, त्याची चूक, त्याचा प्रश्न. यमही नाही आणि कवटीही नाही, आपल्या ओळखीतला वाटावा असा माणूस. पण मंजुळा आली तशी महिला संघटनांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, पुन्हा बाईच रोगाचं घर म्हणून दाखवलीत. त्यांचं चुकलं नव्हतं. आणि बलबीरच्या घरी बायको होती का, तिला एड्स होईल का, हे त्या फलकांवर कुणीच विचारलं नाही.

तो प्रश्न विचारण्याच्या जवळ जरा गेली ती बंगालमधली बुलादी. दी म्हणजे ताई. २००४ मध्ये पश्चिम बंगालच्या सरकारनं ही बाहुलीसारखी साडीतली बाई फलकांवर आणली. धोका म्हणून नाही, माहिती सांगणारी ताई म्हणून. ती सांगायची, काही विचारायचं असेल तर १०९७ ला फोन करा. मी हिचं चित्र पाहिलं तेव्हा मला हसू आलं, कारण ती अगदी आपल्या आशाताईसारखी दिसते. दीडशे वर्षांत बाईला भिंतीवर हे काम मिळालं.

आपल्याकडे मात्र २००७ मध्ये शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली. शिक्षकांसाठी दिलेल्या चित्रांवरून विधिमंडळात गदारोळ झाला होता. त्याच वर्षीच्या १ डिसेंबरला दिल्लीहून रेड रिबन एक्स्प्रेस निघाली, एड्सची माहिती घेऊन देशभर फिरणारी आगगाडी, डब्याडब्यांत चित्रं आणि समुपदेशक. म्हणजे जी माहिती वर्गात नको होती ती रेल्वे फलाटावर येऊन उभी राहिली. सरकारचा एक हात काय करतो ते दुसऱ्याला माहीत नसतं, हे आपण घरकुलाच्या अर्जातही बघतोच.

पोस्टर खऱ्या अर्थानं बदललं ते औषधामुळे. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एआरटीच्या गोळ्या मोफत द्यायला सुरुवात केली. सुरुवातीच्या मोजक्या दवाखान्यांत मुंबईचं जे. जे. होतं, पुढे केंद्रं वाढत गेली. गोळ्या आल्यावर एड्स म्हणजे मृत्यू हे वाक्य खोटं ठरलं आणि कवट्या उतरू लागल्या. त्यांच्या जागी लाल फीत आली, सूर्य आला, पोटाशी बाळ घेतलेली आई आली.

काकी २००३ च्या दिवाळीआधी गेली.

त्या बाळाच्या चित्राबद्दल एक सांगते. सगळं जग म्हणत होतं, आईकडून बाळाला होणारी लागण. आपल्या नॅकोनं कार्यक्रमाच्या नावात शब्द घातला, पालकांकडून बाळाला. आईला तो विषाणू बहुतेक वेळा बापाकडून आलेला असतो, हे निदान नावात तरी मान्य केलं. पण गरोदर बाईची तपासणी होते आणि नवऱ्याला बोलवायचं राहून जातं, असं अजूनही होतं. उपचार न घेतल्यास बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात पंधरा ते पंचेचाळीस असते. वेळेत गोळ्या घेतल्या तर ती पाचाच्या खाली येते. म्हणून पोटुशी असताना ही तपासणी चुकवू नका, सुनेची चुकू देऊ नका, आणि लेकाला बरोबर पाठवा.

आणखी दोन बदल आहेत, जे मला कुठल्याच भिंतीवर ठळक दिसत नाहीत. पहिला असा की रोज नियमानं गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही. तसा तो टिकून राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे आता जगभरच्या डॉक्टरांनी मान्य केलं आहे. आणि २०१७ पासून आपल्याकडे धोरण असं आहे की लागण कळली की लगेच औषध सुरू करायचं, तब्येत ढासळायची वाट बघायची नाही.

दुसरा बदल कायद्याचा. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यात लागण झालेल्या माणसाला नोकरीतून, शाळेतून, दवाखान्यातून डावलता येत नाही. परवानगीशिवाय तपासणी करता येत नाही, निकाल दुसऱ्याला सांगता येत नाही. आणि हे नीट ऐका, ती राहते त्या घरातून तिला बाहेर काढता येत नाही. काकीला सासूनं गोठ्यात राहायला लावलं होतं. तेव्हा हा कायदा नव्हता. आज आहे, पण सांगायला पोस्टर नाही. संजय गांधी निराधार योजनेच्या यादीतही एचआयव्हीचा आजार आहे, तेही कित्येक जणींना ठाऊक नसतं.

तुम्ही म्हणाल, आता कुठे राहिला एड्स. कमी झाला आहे, खरं आहे. तरी देशात पंचवीस लाखांच्या आसपास माणसं या विषाणूबरोबर जगतायत आणि राज्यांत आपला महाराष्ट्र आकड्यानं वर आहे. आणि ज्ञान? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एचआयव्हीबद्दल पुरेशी आणि बरोबर माहिती असलेल्या बाया शंभरात बावीसच्या आसपास निघाल्या, पुरुष एकतीसच्या आसपास. इतकी वर्षं पोस्टरं लावून ही गत.

मागच्या वर्षी आमच्या एका गटात एक सभासद महिन्याच्या मीटिंगला यायची बंद झाली. चौकशी केली तर कळलं, ती कुठल्या गोळ्या आणायला दर महिन्याला जिल्ह्याला जाते ते कुणीतरी पाहिलं होतं. एकदोघींनी अध्यक्षांना विचारलं की हिच्या हातचे पैसे मोजायचे का. नोटा, बायांनो! मला त्या क्षणी उकिरड्यावरच्या शेंगा दिसल्या. मी रागावले नाही, माझा हक्कच नव्हता. पुढच्या मीटिंगला आशाताई आणि समुपदेशक मॅडमना बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्या डोळ्यांसमोर एड्स म्हटलं की काय येतं? पंचवीस-तिशीच्या पोरीही म्हणाल्या, कवटी. काहींनी तर ते पोस्टर पाहिलेलंही नसणार. आयांकडून आलं असेल.

मग ठरलं, आपलंच एक पोस्टर काढायचं. एकीच्या लेकाची चित्रकला चांगली आहे. काय काढायचं यावर दोन तास वाद झाला. एकजण म्हणाली डॉक्टर काढा, एकजण म्हणाली लाल फीत. लैंगिकवाल्या आजी कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “नवरा-बायकू जोडीनं दवाखान्यात चाललेली काढा. पूजंला जोडीनं बसत्यात, तपासाय बी जोडीनं जाऊ द्या की.” तेच काढलं. पुढे तो, मागे ती असं पोरानं आधी काढलं होतं, ते पुसून शेजारी शेजारी चालवलं. खाली लिहिलं: तपासणी मोफत, औषध मोफत, नाव गुप्त. आणि १०९७.

लावायचं कुठे यावरही बोलणं झालं. पिठाच्या गिरणीत एक लावलं, तिथे आपण बायका ताटकळत असतो. दुसरं कटिंगच्या दुकानात, आरशाच्या बाजूला. दुकानदार आधी नको म्हणत होता, गिऱ्हाईक हसतील म्हणाला. त्याच्या बायकोनं, ती आमच्या गटात आहे, त्याला काय सांगितलं माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी पोस्टर लागलं.

आमची ती सभासद आता मीटिंगला येते. वही तिच्याकडेच आहे, अक्षर चांगलं आहे म्हणून.

परवा मी मुलाचे केस कापायला त्या दुकानात गेले होते. पाण्याच्या शिंतोड्यांनी पोस्टरचा खालचा भाग फिका झाला होता. १०९७ चे आकडे मात्र कुणीतरी निळ्या पेनानं पुन्हा गिरवून ठळक केले होते. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, मी नाही बुवा.